सूक्ष्मलहरींची चूल आणि शिजवलेले अन्न : भीती किती खरी?

स्वयंपाकघरात नवे साधन आले की त्याच्या मागोमाग एखादी शंकाही उंबरठा ओलांडून आत येते, असा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. गॅसच्या शेगडीवर रांधलेल्या अन्नाने पोटात वायू धरतो, प्रेशर कुकरच्या शिट्टीबरोबर अन्नाचा कस उडून जातो, यंत्रावर दळलेल्या पिठाला चव राहत नाही, असे एके काळी गंभीरपणे बोलले जात असे. पुढे ती साधने घरोघरी रुळली आणि शंका हळूहळू विरल्या. आता ही पाळी मायक्रोवेव्ह ओव्हनची, म्हणजे सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या चुलीची आली आहे. शहरातील मध्यमवर्गीय घरांत हे उपकरण बरीच वर्षे आहे. आता ते तालुक्याच्या गावांतील दुकानांतही मांडलेले दिसते. 'यातून किरण बाहेर पडतात', 'यात शिजवलेल्या अन्नाने कर्करोग होतो', अशा गोष्टी त्याच्याबरोबरच गावोगाव पोहोचल्या आहेत. काही मंडळी त्याहूनही पुढे जातात. अग्नीचा स्पर्श झालेले कोणतेही अन्न निर्जीव होय, मनुष्याने फळे, कोंब व कच्च्या भाज्या यांवरच राहावे, असे त्यांचे प्रतिपादन असते.

शाळेतील शिक्षक, अंगणवाडीवर देखरेख करणारे अधिकारी व पंचायतीचे सदस्य यांना हे प्रश्न वारंवार विचारले जातात. त्यांचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, कारण येथे अनेक निराळे प्रश्न एकत्र मिसळले गेले आहेत. सूक्ष्मलहरींचा शरीरावर काय परिणाम होतो, उष्णतेने अन्नात कोणते बदल होतात, आणि शिजवल्यानंतर ते अन्न कसे ठेवले जाते, या तीन गोष्टींचा स्वतंत्रपणे विचार करणे इष्ट ठरेल.

युद्धातून स्वयंपाकघरात

सूक्ष्मलहरींची चूल हे दुसऱ्या महायुद्धाचे अनपेक्षित अपत्य होय. शत्रूची विमाने दुरून हेरण्यासाठी रडार हवे होते आणि रडारसाठी शक्तिमान सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी हवी होती. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल व हॅरी बूट यांनी १९४० साली अशी नळी तयार केली. तिला मॅग्नेट्रॉन म्हणतात. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत या नळ्यांचे उत्पादन होत असताना पर्सी स्पेन्सर या तंत्रज्ञाच्या खिशातील मिठाई वितळली आणि त्यावरून या लहरींनी अन्न तापवता येईल ही कल्पना १९४५ साली पुढे आली, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये बाजारात आलेले पहिले यंत्र जवळजवळ पुरुषभर उंचीचे आणि सुमारे साडेतीनशे किलोग्रॅम वजनाचे होते. घरातील ओट्यावर मावेल असे यंत्र अमेरिकेत १९६७ साली निघाले.

त्याचे कार्य समजण्यास कठीण नाही. घरगुती यंत्रातील लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आवर्तने इतकी असते, आणि तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित व दुसरे ऋणभारित असते. लहरींचे विद्युत्क्षेत्र दिशा बदलते तसे हे रेणू तिच्यामागे वळू पाहतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. काच व चिनी माती यांतून लहरी आरपार जातात; म्हणून भांडे स्वतः तापत नाही, अन्नामुळे तापते. धातूवरून त्या परावर्तित होतात. स्टीलची वाटी किंवा जरीच्या काठाची बशी आत ठेवल्यास ठिणग्या उडतात त्या यामुळेच.

हे यंत्र अन्न आतून बाहेर शिजवते ही समजूत मात्र चुकीची आहे. लहरी पदार्थात साधारणपणे दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. मोठ्या बटाट्याचा गाभा येथेही तव्यावरच्याप्रमाणेच बाहेरून आत सरकणाऱ्या उष्णतेनेच शिजतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

एका शब्दाने केलेला घोटाळा

भीतीचे मूळ पुष्कळ अंशी 'रेडिएशन' या शब्दात आहे. मराठीत त्यास विकिरण किंवा प्रारण म्हणतात. अणुबॉम्ब, क्ष-किरण, सूर्यप्रकाश, आकाशवाणीच्या लहरी आणि चुलीतील निखाऱ्याची धग, या सर्वांना शास्त्रज्ञ हा एकच शब्द लावतात. हिरोशिमाचे स्मरण ज्या शब्दाशी निगडित झाले आहे तोच शब्द स्वयंपाकाच्या उपकरणावर पाहून सामान्य माणूस दचकला तर त्यात नवल नाही.

परंतु नाव एक असले तरी जात एक नाही. क्ष-किरण आणि किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे गॅमा किरण यांच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की ते अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात व पेशीतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करू शकतात. कर्करोगाची भीती असते ती या आयनकारी प्रारणांपासून. सूक्ष्मलहरींच्या कणाची ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाच्या कणापेक्षाही सुमारे दोन लाख पटींनी कमी असते. अणू फोडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही; ती केवळ तापवू शकते. या लहरींनी तापलेले अन्न किरणोत्सर्गी होत नाही. बटण बंद होताच लहरी संपतात, आणि त्यांचा अंश अन्नात शिल्लक राहत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसाच हा प्रकार आहे.

केवळ तापवणे हे देखील निरुपद्रवी नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तीव्र सूक्ष्मलहरी शरीरावर पडल्या तर शरीरही तापेल. डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने ते तापल्यास लवकर निवत नाही आणि त्याला इजा पोहोचू शकते. म्हणूनच या यंत्राची पेटी धातूची केलेली असते आणि दाराच्या काचेत बारीक छिद्रांची जाळी बसवलेली असते. बारा सेंटिमीटर लांबीची लहर एवढ्याशा छिद्रांतून बाहेर पडू शकत नाही, प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म असल्याने पडते. त्यामुळे आतील अन्न दिसते पण लहरी आतच राहतात. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद व्हावा अशी कुलूपवजा रचनाही त्यात असते.

तरीही काही अल्प गळती होते. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमानुसार यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावर ही गळती प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा अपायकारक पातळीच्या पुष्कळ खाली ठेवलेली आहे. शिवाय अंतराबरोबर लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. पाच सेंटिमीटरवर जेवढी गळती असेल तिचा सुमारे शंभरावा भागच अर्ध्या मीटरवर उरतो. यंत्र सुस्थितीत असेल तर भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु दार वाकले असेल, बिजागऱ्या सैल झाल्या असतील, कडेच्या पट्टीवर अन्न साचून दार घट्ट मिटत नसेल, तर ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. जुने यंत्र स्वस्तात विकत घेताना रंग पाहण्याआधी दार पाहावे.

अफवांच्या जन्मकथा

'स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञाने हे सिद्ध केले, पण कंपन्यांनी त्याचे तोंड बंद केले,' ही कथा अनेकांनी ऐकली असेल. तिच्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती टिकून राहिली. हान्स उलरिख हेर्टेल या स्विस संशोधकाने एका सहकाऱ्यासमवेत केवळ आठ व्यक्तींना निरनिराळ्या प्रकारे शिजवलेले अन्न देऊन त्यांच्या रक्ताची तपासणी केली होती. रक्तात आढळलेल्या फरकांवरून या यंत्रातील अन्न धोक्याचे असावे असे सूचित करण्यात आले, आणि १९९२ साली एका नियतकालिकाने ते सनसनाटी स्वरूपात प्रसिद्ध केले. विद्युत उपकरणांच्या व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली; हेर्टेल यांना असे विधान करण्यास १९९३ साली मनाई झाली. पुढे २५ ऑगस्ट १९९८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही मनाई भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारी आहे असा निर्णय दिला.

न्यायालयाने निर्णय दिला तो हेर्टेल यांच्या बोलण्याच्या हक्काविषयी. त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे असा कौल त्याने दिला नव्हता. आठ माणसांच्या अल्पकाळच्या तपासणीवरून सर्व मानवजातीविषयी अनुमान काढता येत नाही, हे शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. व्यापाऱ्यांनी मनाई आणवली नसती तर हा प्रयोग कदाचित केव्हाच विस्मृतीत गेला असता.

दुसरी कथा सोव्हिएत रशियाची. तेथे १९७६ साली या यंत्रांवर बंदी घालण्यात आली होती, असे सांगतात. अशा बंदीचा पुरावा आढळत नाही. उलट १९८० च्या दशकात सोव्हिएत कारखान्यांतूनच अशी यंत्रे तयार होत होती. खरे एवढेच की रडार व तत्सम यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांसाठी सोव्हिएत शासनाने ठरवलेली मर्यादा त्या काळच्या अमेरिकन मर्यादेपेक्षा हजारपट कडक होती. त्या कडकपणाचेच पुढे तोंडी प्रवासात 'बंदी'त रूपांतर झाले असावे.

कस कोठे जातो?

अन्न कोणत्याही पद्धतीने शिजवले तरी काही जीवनसत्त्वे कमी होतात, हे सत्य आहे. पण त्यांचा नाश मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो : उष्णता किती, वेळ किती आणि पाणी किती. यांपैकी पाण्याकडे आपले दुर्लक्ष होते. क जीवनसत्त्व व ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. ते पाणी फेकले की कसही मोरीत जातो. सूक्ष्मलहरींच्या यंत्रात बहुधा थोड्या पाण्यात व थोड्या वेळात अन्न शिजते, त्यामुळे ही हानी पाण्यात उकळण्याच्या तुलनेत अनेकदा कमीच होते.

स्पेनमधील संशोधकांनी २००३ साली ब्रोकोलीवर केलेल्या एका प्रयोगाचा या संदर्भात नेहमी दाखला दिला जातो. सूक्ष्मलहरींवर शिजवल्याने तिच्यातील फ्लॅव्होनॉइड नावाचे उपयुक्त घटक ९७ टक्के नष्ट झाले, असे त्यात आढळले होते. हा आकडा वाचून दचकण्यापूर्वी प्रयोगाची रीत पाहावी. ती भाजी पाणी घालून शिजवली होती आणि घटक त्या पाण्यात उतरले होते. वाफेवर शिजवलेल्या भाजीत मात्र ते बहुतांशी टिकले. तात्पर्य, दोष लहरींचा कमी आणि पाण्याचा अधिक.

कोकणात व गोव्यात भाताची पेज टाकून देत नाहीत, हे या दृष्टीने फार शहाणपणाचे आहे. तेथील उकडा तांदूळही तसाच. भात सालीसकट उकडून मग वाळवल्याने कोंड्याजवळचे ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि सडल्यानंतरही बरेचसे टिकून राहते. याउलट पालेभाजी चिरून मग तासभर पाण्यात भिजत ठेवणे, डाळीचे वरचे पाणी ओतून देणे, शिजलेली भाजी पुनःपुन्हा उकळणे, या सवयींनी जो कस जातो तो कोणत्याही नव्या यंत्राने जाणाऱ्या कसापेक्षा कमी नसतो. पाणी न टाकण्याच्या या नियमाला एक अपवाद आहे. पूर्व विदर्भात लाखोळी या नावाने परिचित असलेल्या डाळीत पायांना पांगळेपण आणणारे द्रव्य असते. भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास ते काही अंशी निघून जाते, सर्वस्वी मात्र नाही.

कच्चे की शिजलेले?

अग्नीने अन्न निर्जीव होते हा आक्षेप ऐकावयास आकर्षक वाटतो. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, फळे, मोड आलेली कडधान्ये अशा कच्च्या पदार्थांचे आहारात स्थान आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु केवळ कच्च्यावर राहण्याचा आग्रह शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या अग्नीच्या खुणा आढळल्या आहेत. मनुष्याचे दात, जबडा व आतडी त्याच्याशी जवळचे नाते असलेल्या वानरांच्या मानाने लहान आहेत. शिजलेल्या मऊ अन्नाशी त्याचा संबंध असावा, असे अनेक संशोधक मानतात.

प्रत्यक्ष मोजमापही हेच सांगते. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने सुमारे ९१ टक्के, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५१ टक्के पचल्याचे दिसून आले. कच्चे अंडे फोडून दुधात घालून पिणाऱ्या तालीमबाजांनी याची नोंद घेण्यासारखी आहे. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लाल रंगद्रव्य शिजवल्यावर, थोड्या तेलासह, अधिक चांगले शोषले जाते. सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे द्रव्य असते. ते उष्णतेने निकामी होते. राजम्यातील लेक्टिन तर सरळसरळ विषारी आहे. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही ओकाऱ्या व जुलाब होऊ शकतात. राजमा भिजवून, पाणी बदलून, खळखळ उकळलाच पाहिजे. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधतो.

भुयारात लागलेला शोध

अन्न तापवण्याने अपाय होतच नाही, असे मात्र नव्हे. याविषयीचा एक महत्त्वाचा शोध एका रेल्वे बोगद्यामुळे लागला. दक्षिण स्वीडनमधील हालांडसोस डोंगरातून बोगदा खणत असता आत पाणी झिरपू लागले. ते थांबवण्यासाठी वापरलेल्या लांबणातील अॅक्रिलमाइड हे द्रव्य १९९७ साली परिसरातील ओढ्यांत उतरले. मासे मेले, गायींना पक्षाघातासारखी लक्षणे झाली. साहजिकच कामगारांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. तुलनेसाठी, बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांचेही रक्त तपासले, तेव्हा त्यांच्याही रक्तात त्या द्रव्याच्या खुणा मिळाल्या. मग हे द्रव्य त्यांच्या शरीरात आले कोठून? शोध घेता घेता स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले, आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने जाहीर केले की बटाट्याचे तळलेले काप, वेफर व तत्सम पदार्थांत हे द्रव्य आपोआप तयार होते.

पिष्टमय पदार्थातील अॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल व साखर यांच्या संयोगातून, साधारणपणे १२० अंश सेल्सियसच्या वर, ते निर्माण होते. प्राण्यांत त्याने कर्करोग होतो. मनुष्यात 'बहुधा' होतो असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचे वर्गीकरण १९९४ सालीच केलेले होते. पाण्यात उकडताना व वाफवताना तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, म्हणून भात, वरण, उकडलेला बटाटा, इडली यांत हे द्रव्य तयार होत नाही म्हटले तरी चालेल. सूक्ष्मलहरींच्या यंत्रातही ओले अन्न बहुधा या मर्यादेतच राहते. मात्र पदार्थ कोरडा पडून करपेपर्यंत चालू ठेवल्यास तेथेही हा दोष उत्पन्न होतो. दोष यंत्राचा नाही, करपण्याचा आहे. भाजी वा बटाटे तळताना सोनेरी रंगावर काढावेत, काळपट होऊ देऊ नयेत. तळण्यासाठी ठेवलेले बटाटे शीतकपाटात ठेवू नयेत, कारण थंडीने त्यांतील साखर वाढते.

गरम दिसते पण गरम नसते

आता या यंत्राच्या खऱ्या दोषाकडे वळावयास हवे. तो लहरींचा नसून उष्णतेच्या असमान वाटपाचा आहे. लहरी पेटीच्या आत एका ठिकाणी एकवटतात, दुसऱ्या ठिकाणी विरळ होतात. शिवाय त्या खोलवर शिरत नाहीत. परिणामी कडेचा घास जीभ भाजतो व मधला घास कोमट राहतो. फिरती तबकडी हा दोष कमी करते, नाहीसा करत नाही.

अलास्कातील जुनो येथे १९९२ साली एका मेजवानीनंतर जे घडले ते या दृष्टीने बोलके आहे. तेथील भाजलेले मांस काही पाहुण्यांनी घरी नेले व पुन्हा तापवून खाल्ले. मांसात साल्मोनेला जंतू होते. तव्यावर किंवा साध्या भट्टीत तापवून खाणाऱ्या २० जणांपैकी एकही आजारी पडला नाही. सूक्ष्मलहरींवर तापवून खाणारे दहाच्या दहा आजारी पडले. वरून वाफ येत होती, आतले जंतू जिवंत होते. म्हणून या यंत्रात अन्न तापवताना ते झाकावे, मध्येच बाहेर काढून ढवळावे, आणि झाल्यावर एक-दोन मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे उष्णता सर्वत्र पसरते. तान्ह्या मुलाच्या दुधाची बाटली यात तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतील दुधाचा एखादा भाग चटका बसण्याइतका तापलेला असतो. कवचासकट अंडे ठेवल्यास ते फुटते, कधीकधी बाहेर काढल्यानंतर हातात.

भांड्यांविषयीही दक्षता हवी. श्रीखंडाचे वा आइस्क्रीमचे रिकामे डबे धुऊन वापरण्याची आपली काटकसर स्तुत्य असली तरी ते डबे तापवण्यासाठी बनवलेले नसतात. गरम व तेलकट पदार्थात प्लॅस्टिकमधील रसायने उतरू शकतात. काच किंवा चिनी माती ही सर्वांत निर्धोक. हेच तत्त्व गरम रश्शाच्या पातळ पिशव्यांनाही लागू आहे, मग त्या घरात कोणतेही यंत्र असो वा नसो.

शिळा भात

फोडणीचा भात महाराष्ट्रातील बहुतेक घरांत होतो, आणि तो रुचकर असतो यात वाद नाही. पण रात्रीचा भात सकाळपर्यंत कसा ठेवला गेला, यावर त्याची सुरक्षितता ठरते. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूची बीजे असू शकतात. ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की बीजे रुजतात, जंतू वाढतात व एक विष सोडतात. ते विष पुन्हा फोडणी दिल्याने, उकळल्याने किंवा सूक्ष्मलहरींनी नष्ट होत नाही. येथे तापवण्याचे साधन कोणते हा प्रश्नच गौण ठरतो. चूक त्याआधीच, रात्री झाकून ठेवलेल्या पातेल्यात झालेली असते.

पाच अंश व साठ अंश सेल्सियस यांच्या दरम्यानचे तापमान जंतूंना अनुकूल असते. शिजवलेले अन्न या अवस्थेत दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, आणि पुन्हा तापवताना ते सर्व बाजूंनी किमान ७० अंशांपर्यंत तापवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात घरातलेच तापमान चाळिशीच्या पुढे जाते; तेथे दोन तास हेही अधिकच म्हणावे लागेल. भात उरणार असेल तर तो परातीत पातळ पसरून लवकर निववावा आणि मग थंड जागी ठेवावा. खोल पातेल्याचा मध्यभाग निवण्यास कित्येक तास लागतात.

चुलीचा धूर

यंत्रातून न दिसणाऱ्या लहरी बाहेर पडतात म्हणून धास्तावणाऱ्या समाजाला चुलीतून डोळ्यांदेखत बाहेर पडणाऱ्या धुराची मात्र सवय झालेली आहे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. लाकूड, गोवऱ्या व काटक्या यांच्या धुरात सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या कोळशाचा धूर मनुष्यात कर्करोग निर्माण करणारा, आणि लाकडाचा धूर बहुधा तसा, असे २००६ साली ठरवले. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांचा दमा व मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आहे.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी झाला आणि गरीब कुटुंबांत गॅसची जोडणी पोहोचली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५९ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. जोडणी असूनही सिलिंडर परवडत नाही म्हणून भाकरीसाठी चूल पेटवणारी घरे कोणत्याही गावात आढळतील. अशा घरी निदान धुराडे असावे, चुलीजवळ तान्हे मूल निजवू नये.

शाळेतील पातेले

शाळकरी मुलांना कोरडे धान्य न देता शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. त्यामुळे शिजवलेल्या अन्नाच्या गुणदोषांची चर्चा ही केवळ घरापुरती राहिलेली नाही. ती प्रत्येक शाळेच्या स्वयंपाकखोलीत येऊन पोहोचली आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवणातून २३ बालके दगावली. अन्न शिजलेले होते, ताजे होते. परंतु तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. उष्णतेने जंतू मरतात, कीटकनाशक नव्हे. फवारणीचे डबे व तेलाचे डबे एका छपराखाली असता कामा नयेत, हा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावण्यापेक्षा पंचायत सदस्याने महिन्यातून एकदा कोठीत डोकावून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मुलांना वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढ व्यक्तींनी अन्नाची चव घ्यावी, अशी या योजनेची मार्गदर्शक सूचना आहे. चवीची नोंद करताना पातेले चुलीवरून केव्हा उतरले ती वेळही लिहिल्यास दोन तासांची मर्यादा आपोआप ध्यानात राहते. मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून दूरच्या शाळांत जेथे अन्न येते तेथे तर ही नोंद आवश्यकच मानावी लागेल. दुपारी उरलेली खिचडी धाकट्या भावंडासाठी डब्यात भरून नेणारी मुले अनेक शाळांत असतात. त्यांना अडवणे कोणाही शिक्षकास जड जाते. अशा वेळी ती खिचडी दप्तरात संध्याकाळपर्यंत राहणार आहे की अर्ध्या तासात घरी पोहोचून लगेच खाल्ली जाणार आहे, एवढे विचारून मगच डबा भरू द्यावा.